बिनलेबलचा ट्रान्सफॉर्मर

जेवणाच्या टेबलावर ट्रान्सफॉर्मर ठेवू नका, हे मी कित्येक वर्षं सांगत आले आहे. टेबल घेण्याआधी हेच वाक्य मी ओट्याबद्दल म्हणायचे. तरी त्या गुरुवारी सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी, वर्तमानपत्रावर, तो ठोकळा बसलेलाच होता. काळा, दोन्ही बाजूंना पत्र्याची टोपणं, खालून वायरींचा झुपका. अंगावर लेबल नाही, छाप नाही, खडूने लिहिलेला आकडासुद्धा नाही. पोहे ठेवायला जागा हवी म्हणून मी तो उचलून बाजूला केला, तर आकाराच्या मानाने जरा हलका लागला.

"किती वॅटचा असेल, सांग," आमचे हे म्हणाले.

"मला काय विचारता? पोहे गार होतायत."

त्यांनी मला विचारलं नव्हतंच. चाळीस वर्षांत ट्रान्सफॉर्मरबद्दल त्यांनी मला काही विचारल्याचं आठवत नाही. ते स्वतःलाच विचारत होते, मी फक्त समोर बसलेली होते.

हे सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत टेस्टिंगला होते. मी अंबडच्या एका गाळ्यात कॉइल वाइंडिंगला, म्हणजे तांब्याची वायर गुंडाळायला होते, तीस वर्षं. दोघांचीही आयुष्यं ट्रान्सफॉर्मरमध्येच गेली म्हणायला हरकत नाही. पण घरात त्यांच्या कामाला 'ड्यूटी' म्हणायचे, आणि माझ्याबद्दल 'ती कामाला जाते' एवढंच. त्यांचं डिप्लोमाचं सर्टिफिकेट हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं आहे. माझ्याकडे लावण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी भिंतीवर जागा कुठे होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमधली लहान खोली घेतली आणि व्हॉल्व्हचे जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला लागले. व्हॉल्व्ह म्हणजे ते काचेचे, आत लालसर पेटणारे दिवे. ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओत, लाउडस्पीकरच्या मशिनीत तेच असायचे. त्यांचा आवाज गोड असतो म्हणतात. मला विचाराल तर आवाज आवाजासारखाच असतो. पण त्या खोलीत शिरल्यावर नवऱ्याचा चेहरा जसा उजळायचा तसा दुसरीकडे कुठेच उजळायचा नाही, हे मान्य करते.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या बारीक शिरांत अडथळे आहेत, जुनं राहील, नवं टिकणार नाही. अगदी तसंच झालं. डिप्लोमाला शिकलेली सूत्रं तोंडपाठ, आणि सकाळी आणलेलं दूध दुपारी परत आणायचे. गरम सोल्डरिंग आयर्न तसंच ठेवून खोलीतून उठून यायचे. एकदा टेबलाची कड जळून कोळसा झाली. घरभर धूर, आणि हे गॅलरीत उभे राहून शेजाऱ्यांकडे काय जळतंय याचा विचार करत होते.

तेव्हापासून त्या खोलीचा पहारा माझ्याकडे आला. कुणी दिला नाही, आपोआप आला. भाजी चिरताना माझं नाक खोलीकडे असायचं. आंघोळ पाच मिनिटांत उरकायची. बहिणीकडे हळदीकुंकवाला गेले तरी वाण हातात पडताच उठायचे. दुपारी आडवी झाले की डोळा लागायच्या आत 'त्यांनी बटन बंद केलं का' म्हणून पुन्हा उठायचे. दिवसातून किती वेळा उठले हे कुणी मोजलं नाही. मीही नाही.

मुलगा पुण्याला असतो. तो उंटावरून शेळ्या हाकतो असं मी म्हणते खरी, पण शेळी भलतीकडे चालली आहे हे त्याला तिथूनही बरोबर दिसतं. त्याने वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, तीनशे-चारशे व्होल्टचा खेळ आहे हा. आता एक चूक झाली की खोली बंद. मी येऊन सगळं सामान देऊन टाकीन."  दुसऱ्या दिवशी चहा घेताना हे मला म्हणाले, "खोली गेली तर मी दिवसभर करू काय गं?"

 खोटं कशाला बोलू, खोली जावी असंच मला वाटत होतं. मला एक दुपार हवी होती. सलग, नाक खोलीकडे न ठेवता झोपायला मिळेल अशी.

तो ठोकळा आदल्या दिवशी वणीकडच्या एका माणसाने आणून दिला होता. टोमॅटोचा व्यापार करणारा, पंचेचाळिशीचा, बोलायला मोकळा. त्याच्या वडिलांची एके काळी लाउडस्पीकरची सर्व्हिस होती. लग्नं, गडाची यात्रा, सगळीकडे त्यांचीच मशीन वाजायची. त्या मशिनीचा मूळचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, म्हणून भंगारातून त्याने हा शोधून आणला होता, आणि मशीनही सोबत ठेवून गेला होता.

"काका, येवढंच सांगा, ह्यो चालंल का नाय," तो म्हणाला होता. "आमचे आबा लय मागं लागलेत. दिवे पेटलेले बघायचेत म्हणत्यात. त्यांच्या खाटंशेजारीच ठेवायची हाय मशीन."

"रविवारी ये," हे म्हणाले होते. "नीट अंदाज काढून सांगतो." तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यात मी चुकणार नाही."

तर असा तो गुरुवार. पोहे तसेच ठेवून त्यांनी माप घ्यायचा कॅलिपर काढला.

बिनलेबलच्या ट्रान्सफॉर्मरची कुवत काढायची एक जुनी रीत आहे. ट्रान्सफॉर्मर म्हणजे शेवटी लोखंडाच्या पातळ पत्त्यांची थप्पी आणि तिच्या मधल्या पायाभोवती गुंडाळलेली तांब्याची वायर. तो मधला पाय जितका जाड, तितका ठोकळा जास्त भार ओढणार. पाय वायरीखाली लपलेला असतो, म्हणून बाहेरची पूर्ण लांबी मोजून तिचा तिसरा हिस्सा धरायचा. त्याला थप्पीच्या जाडीने गुणायचं. पत्त्यांवरच्या वॉर्निशचे दहा टक्के सोडायचे, ठरलेल्या आकड्याने भागायचं आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करायचा. तो झाला वॅटचा अंदाज.

"अकरा पॉइंट चार. तिसरा हिस्सा तीन पॉइंट आठ. थप्पी चार," हे बोलत बोलत टपालाच्या जुन्या पाकिटाच्या मागे लिहीत होते. आकडे सरळ येत होते. "एकशे चाळीस. एकशे चाळीस वॅट. आपल्याला लागतील शंभर-एकशे दहा. आरामात ओढेल."

मी ओट्याकडे तोंड करून मोबाईलवर तोच हिशोब केला. चोरून. एकशे एक्केचाळीस आले. मला आनंद झाला, आणि लगेच, सांगायला लाज वाटते, थोडी निराशाही झाली.

मग त्यांनी वायर मोजली. व्हॉल्व्ह पेटवायला सहा व्होल्टची वेगळी गुंडाळी असते, तिच्यातून करंट जास्त जातो, म्हणून तिची वायर जाड लागते. बाहेर आलेली टोकं अठरा गेजची निघाली; गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. दोन मोठे आणि दोन लहान व्हॉल्व्ह पेटवायला तेवढी पुरते. मग शंभरचा पिवळा बल्ब मध्ये घालून वीज दिली. आत शॉर्ट असता तर बल्ब भकदिशी पेटला असता. नाही पेटला. व्होल्ट मोजले, सहा पॉइंट आठ. दुसऱ्या बाजूला तीनशे आणि तीनशे. सगळं जिथल्या तिथे.

"बघ," ते म्हणाले. एवढंच. पण त्या 'बघ'मध्ये मुलगा, डॉक्टर, जळलेलं टेबल, सगळ्यांना दिलेलं उत्तर होतं. पोहे त्यांनी गारच खाल्ले आणि छान झालेत म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मी टेबल पुसत होते. हे आत झोपले होते. ठोकळा सरकवायला उचलला आणि टोपणाच्या फटीतून माझा अंगठा आतल्या कागदावरून गेला. कागदाखाली एक उंचवटा लागला. ज्वारीच्या दाण्याएवढा. थोडं पुढे दुसरा.

माझी बोटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. साखरेने टोकांना मुंग्या येतात, सुईत दोरा ओवता येत नाही. पण तो उंचवटा काय आहे हे बोटांनी मी विचारायच्या आत सांगितलं. मी खुर्ची ओढून खाली बसले.

आमच्या गाळ्यात दोन तऱ्हेचा माल निघायचा. एक लेबलचा. तो कंपन्यांना जायचा, त्याला तपासणी असायची, त्यात गेज म्हणजे गेज, वेढे म्हणजे वेढे. दुसरा बिनलेबलचा. तो दुकानात, मिस्त्री लोकांकडे, कुठेही. लेबल लावलं की जबाबदारी आली, म्हणून लेबलच नाही. त्याला पत्त्या भंगारातल्या, मोठ्यातल्या मोठ्या, कारण गिऱ्हाईक ठोकळ्याचा आकार बघतं. तांबं महाग, म्हणून आत वायर बारीक. बारीक वायरने पोकळी भरत नाही, म्हणून उरलेल्या जागेत पुठ्ठा. आणि जाणकार माणूस टोकाची वायर मोजून बघेल, म्हणून शेवटच्या वितीला जाड तुकडा डाग देऊन जोडायचा. बाहेर अठरा, आत एकवीस. जोड कागदाखाली दाबून वर टेप. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे.

ते जोड आम्ही बायकाच द्यायचो. शेठ सांगायचा, आम्ही द्यायचो. माझा डाग सगळ्यांत लहान यायचा, हाताला लागायचा नाही, म्हणून तसलं काम माझ्याकडे जास्त यायचं. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. कुणाच्या घरी काय तापेल, काय पेटेल हा विचार शिवला नाही असं नाही. शिवला, आणि पुढची कॉइल हातात आली. हा ठोकळा आमच्याच गाळ्यातला होता की नाही, देव जाणे. असे गाळे खूप होते. पण हे दोन उंचवटे कुणाच्या तरी हाताखालून गेले होते आणि ती बाई माझ्यासारखीच कुणीतरी असणार.

यांनी काढलेला एकशे चाळीसचा आकडा लोखंडाचा होता. तांब्याची कुवत त्याच्या निम्मीही नसणार.

आता मला गप्प बसता येत होतं, हे ध्यानात घ्या. शनिवारी हे तो ठोकळा मशिनीत बसवणार. रविवारी तो माणूस घेऊन जाणार. आठ-पंधरा दिवसांत तो जळणार. मग त्याचा फोन येणार, मुलाला कळणार, आणि खोली बंद होणार. मला तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. मी टेबलाशी बसून हे सगळं शांतपणे मनात मांडलं. इतक्या शांतपणे, की नंतर माझी मलाच भीती वाटली.

पण मशीन खाटेशेजारी ठेवणार होते. त्या आबांना मी पाहिलेलंही नाही. ऐंशीच्या पुढचा माणूस, जळका वास आला तर उठून बटन बंद करायला पुरेल का? मला वासाची सवय आहे, म्हणून मला कळतं. त्यांच्या घरी माझ्यासारखं कुणी पहाऱ्याला असेल-नसेल.

शनिवारी सकाळी मी म्हणाले, "बसवायच्या आधी भार देऊन तापवून बघा."

"कशाला? हिशोब झालाय."

"आमच्याकडे बघायचे."

"तुमच्याकडे हिशोब नव्हता, म्हणून तापवून बघायचे," हे म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. मी पोळपाट आपटला. शब्दांनी जे होत नाही ते आमच्याकडे पोळपाटाने होतं. "बरं, बघू," म्हणाले.

तीनशे व्होल्टची बाजू सुटी ठेवली. नुसती सहा व्होल्टची गुंडाळी मशिनीतल्या व्हॉल्व्हना जोडली. बटन मी दाबलं. चारही दिवे हळूहळू लाल झाले, आणि खरं सांगते, सुंदर दिसले. मीटरवर मात्र सहा पॉइंट आठचे पाच पॉइंट नऊ झाले. यांच्या कपाळावर आठी आली.

"मीटर खराब असेल."

 मी दुसरा मीटर आणला. पाच पॉइंट नऊ.

गाळ्यातली रीत अशी, की ठोकळ्यावर तळहात ठेवून दहा मोजता आले पाहिजेत. पंधरा मिनिटांनी आले. अर्ध्या तासाने यांनी सातला हात काढला. पाऊण तासाने तीनला. मग तो वास आला, गोडसर, वॉर्निशचा, डोक्यात जाऊन बसणारा. मी बटन बंद केलं.

त्यांनी पाकीट काढलं आणि हिशोब तपासायला घेतला. पहिल्यापासून. अकरा पॉइंट चार, तिसरा हिस्सा, थप्पी. पुन्हा एकशे चाळीस. पुन्हा तपासला. तिसऱ्यांदा कॅलिपर लावायला गेले तेव्हा तो गरम लोखंडावरून घसरला. "कुठे चुकलो मी?" म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला दिसत नाहीये. तू बघ, तुला दिसतंय का. कुठेतरी चुकलोय, आणि मला दिसत नाहीये."

त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगते. त्यांच्या डोक्याचा मला इतका राग आलेला होता वर्षभर, दुधाच्या पिशव्यांचा, जळलेल्या कडेचा, तो सगळा राग त्या घसरलेल्या कॅलिपरपाशी संपला. नुसती कीव राहिली, त्यांची आणि माझी.

"हिशोबात चूक नाही," मी म्हणाले. त्यांचा अंगठा धरून टोपणाच्या फटीत घातला आणि उंचवट्यावर नेला. "हा जोड आहे. आत एकवीस आहे, बाहेर अठरा लावलंय. मध्ये पुठ्ठा आहे."

"तुला कसं माहीत?"

"मी असले जोड दिलेत. शेकड्याने."

त्यांनी अंगठा पुन्हा एकदा उंचवट्यावरून फिरवला. मग विचारलं, "आमच्या कंपनीला यायचे ते?"

"तुमच्याकडचे नाही हो. तुमच्याकडचे लेबलचे."

त्यावर ते हसले. मला वाटलं होतं रागावतील, तीस वर्षं माल तपासून नापास करणारा माणूस. पण हसले, आणि हसता हसता थांबले. "रेझिस्टन्स मोजला असता तर कळलं असतं," म्हणाले. "बारीक वायरीचा रेझिस्टन्स जास्त येतो. ते तर पहिलं मोजायचं असतं. मी मोजला होता का?"

त्यांनी मोजला नव्हता. गुरुवारी मी समोरच होते. पूर्वी पहिल्या पाच मिनिटांत मोजायचे, दुसऱ्याला शिकवताना आवर्जून सांगायचे. या वेळी विसरले होते.

"मोजला होतात की," मी म्हणाले.

त्यांनी पाकिटावर बघितलं. रेझिस्टन्सचा आकडा तिथे नव्हता. त्यांनी ते पाकीट उलटं केलं, पुन्हा सरळ केलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. 

संध्याकाळी मुलाचा फोन आला. या ट्रान्सफॉर्मरबद्दल यांनी त्याला गुरुवारीच फोनवर सांगितलं होतं. हे खोलीत होते, दार उघडं होतं. मुलाने इकडचं तिकडचं न विचारता थेट विचारलं, "आई, त्या ट्रान्सफॉर्मरचं काय झालं? बाबा चुकले का?"

दोन अक्षरं होती. 'हो' किंवा 'ना'. 'हो' म्हणाले असते तर पुढच्या शनिवारी तो गाडी घेऊन आला असता. आणि ते धड खोटंही ठरलं नसतं.

"नाही चुकले," मी म्हणाले. "माल फसवा होता. कुणीही फसला असता."

"नक्की?"

"नक्की. आम्ही दोघांनी मिळून पकडलं."

"अरे वा," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला ताण सैल झालेला मला ऐकू आला. "मग तू असतेस ना बरोबर, तर चालू राहू दे. तू लक्ष ठेवतेस तर मला काळजी नाही."

मी हो म्हणाले. त्याला काळजी नाही. बरं झालं.

मग यांनी वणीच्या माणसाला फोन लावला. मी कुकर लावत होते, तिथूनच ऐकू येत होतं. हा ठोकळा वापरू नको म्हणाले, का तेही नीट सांगितलं. पलीकडून तो घाबरल्यासारखा बोलत होता. "आरं बाप रे, खाटंशेजारी ठेवनार व्हतो की हो. मंग आता नवा कुठं घेऊ काका?"

"घेऊ नको," हे म्हणाले. आवाज एकदम चढला, पूर्वी कंपनीतल्या गोष्टी सांगताना चढायचा तसा. "आमच्या घरातच वाइंडर आहे. तीस वर्षांचा हात आहे. नुसत्या अंगठ्याने तिने चोरी पकडली, मला कॅलिपर लावून सापडली नव्हती. तीच तुला नवा गुंडाळून देईल. पंधरा दिवसांत घेऊन जा."

कुकरचं झाकण माझ्या हातात तसंच राहिलं. चाळीस वर्षांत परक्या माणसापाशी त्यांनी माझ्या कामाबद्दल काढलेले हे पहिले शब्द. माझे डोळे भरून आले. आणि त्याच वेळी माझ्या मनगटातली कळ खांद्यापर्यंत गेली, कारण पंधराशे-दोन हजार वेढे आता मलाच द्यायचे होते, या बोटांनी, आणि ते देताना एक डोळा खोलीकडे ठेवायचा होता. कौतुक आलं तेही काम घेऊनच आलं. मी गॅस बंद केला आणि बाहेर गेले.

फोन ठेवून हे खुशीत बसले होते. "ऐकलंस ना?"

"ऐकलं. मी नाही गुंडाळणार."

"का?"

"दमलेय मी."

हा शब्द आमच्या घरात नवा नाही. रोज कुणीतरी म्हणतंच, आणि त्यावर 'मग जरा पड' म्हणायची रीत आहे. यांनी तसं म्हटलं नाही. कदाचित माझ्या आवाजात काही वेगळं असेल. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडे वळले आणि विचारलं, "किती?"

टिंगल नव्हती त्यात. खरोखरीच विचारत होते. मला आकडा सांगता येईना. मी समोरची खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. जळलेल्या कडेपासून. दुपारच्या झोपेचं सांगितलं, आंघोळीचं सांगितलं, हळदीकुंकवातून उठून येते ते सांगितलं. बोटांच्या मुंग्यांचं सांगितलं, जे डॉक्टरांनाही अर्धंच सांगितलं होतं. खोली बंद व्हावी असं वाटतं, हेही सांगितलं. शुक्रवारी टेबलाशी बसून गप्प राहायचा विचार केला होता, तेसुद्धा लपवलं नाही.  मध्येच एकदा ते उठून खोलीतला दिवा आणि पाठचं मोठं बटन बंद करून आले, आणि परत त्याच खुर्चीत बसले.

माझं संपलं तेव्हा ते म्हणाले, "उद्या मला हे परत सांगशील?"

"परत?"

"मी विसरेन गं," ते म्हणाले.